दहा पैशांवरचे धान्य

जुन्या डब्यातली चिल्लर चाळताना ॲल्युमिनियमचे, कडेला पाकळ्यांसारखे कंगोरे असलेले दहा पैशांचे नाणे हाती लागते. त्यावर १९७४ साल असेल, तर एका बाजूला आई, वडील व दोन मुले दिसण्याचा संभव आहे. सोबत 'नियोजित कुटुंब, सर्वांना अन्न' या अर्थाची घोषणा. वजनाला दोन-सव्वादोन ग्रॅमचा हा सरकारी जाहीरनामा घरोघर फिरला.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९६८ साली अशा नाण्यांचा उपक्रम सुरू केला. भारताने १९७० मध्ये 'सर्वांना अन्न' या घोषणेचे वीस पैशांचे नाणे काढले. १९७३ च्या पन्नास पैशांवर 'अधिक धान्य पिकवा' असे आले. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत, तळी खणत होती. सुकडी आणि परदेशी लाल मिलो त्या पिढीला अजून आठवतात.

ही नाणी सालाच्या क्रमाने मांडली, की भुकेचे सरकारी निदान कसे बदलत गेले ते दिसते. १९७३: धान्य कमी. १९७४: खाणारी तोंडे जास्त. १९७६: 'सर्वांना अन्न आणि काम'. माझ्या मते तिसरे निदान अधिक शास्त्रीय. दुकानात धान्य असले तरी हातात मजुरी नसेल तर चूल पेटत नाही, हे दुष्काळी कामांनी दाखवलेच होते. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात हाच विचार सिद्धांतरूपाने मांडला. आपल्या राज्याने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला.

पुढे १९८७ च्या रुपयावर छोटे शेतकरी, १९८८ च्या रुपयावर कोरडवाहू शेती आणि १९९४ च्या दोन रुपयांवर 'जीवनासाठी पाणी' आले. हे शेवटचे नाणे मुळशीच्या शाळेत जरूर दाखवावे. येथील भातखाचरे धरणाखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. तरी धरण झाले, आणि पाणी घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण करू लागले. 'अधिक धान्य पिकवा' ही घोषणा या खोऱ्यात पोहोचली तेव्हा त्या खाचरांवर जवळजवळ पन्नास वर्षे पाणी उभे होते. पिकवायचे कुणाच्या जमिनीवर, हे नाणे सांगत नाही.

संग्रहासाठी चांदीच्या महागड्या नाण्यांमागे लागू नये. ती संग्राहकांसाठीच पाडलेली होती. झिजलेली चिल्लर बाजारात फिरलेली असते. सालाखाली चौकोनी हिऱ्यासारखा ठिपका असेल तर ते मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे ती आता भंगारात जाण्याआधीच मिळवायला हवीत. प्रत्येक नाणे कागदी पाकिटात ठेवावे, आणि त्या वर्षी घरात कोणती भाकरी होत होती हे आजीला विचारून पाकिटावर लिहून घ्यावे.