खडकातून आलेली कोळंबी : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा एक दुर्लक्षित इतिहास

खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयाचा इतिहास बहुधा काच, पंप, दिवे आणि कृत्रिम मीठ यांच्या सुधारणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु मालकाच्या नकळत त्या टाकीत शिरणाऱ्या प्राण्यांचा, विशेषतः खडकाच्या छिद्रांत दडून येणाऱ्या कोळंबीसारख्या प्राण्यांचा इतिहासही त्याच्या बरोबरीने चालत आलेला असून तो अधिक बोलका आहे. पाणी निर्मळ ठेवण्याचे काम माणसाने जेव्हा जेव्हा यंत्राऐवजी समुद्रातील खडकावर सोपवले, तेव्हा तेव्हा त्या खडकातील रहिवासीही घरात आले, आणि त्यांना ओळखण्याची गरज त्यातूनच निर्माण झाली.

या परंपरेचा आरंभ एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये झाला. ॲना थिन या बाईंनी १८४६ मध्ये टॉर्की येथील किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला आणले आणि पाण्यात प्राणवायू मिसळावा म्हणून ते रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून घेण्याची व्यवस्था केली. पुढे त्यांनी समुद्रशैवालाची जोड दिल्यावर हे प्रवाळ दीर्घकाळ जगले. फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने १८५४ च्या ‘दि ॲक्वेरियम’ या ग्रंथाने ही हौस मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोहोचवली. समुद्रशैवालाला जमिनीवरच्या वनस्पतींसारखी मुळे नसल्यामुळे ते उपटून आणण्याऐवजी छिन्नी-हातोड्याने खडकाच्या तुकड्यासकट काढावे, असा गॉसचा आग्रह होता, आणि या साध्या व्यावहारिक सूचनेनेच खडकातील कृमी, शिंपले आणि लहान कवचधारी जीव यांना घराचे दार उघडून दिले. गॉसकालीन हौशी निरीक्षकांना असे अनाहूत जीव म्हणजे अडचण वाटत नसे, त्यांना ती अभ्यासाची पर्वणी वाटे. मात्र याच हौसेमुळे डेव्हनच्या किनाऱ्यावरील खडकाळ डबकी ओस पडली, ही हानी गॉसच्या मुलाने, एडमंड गॉसने, १९०७ च्या आत्मकथनात खेदाने नोंदवली आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यास उष्ण कटिबंधातील रंगीत मासे घरोघरी पाळले जाऊ लागले, तेव्हा टाकीतील सजावट मुख्यतः धुऊन पांढऱ्या केलेल्या मृत प्रवाळाची असे. अशा निर्जंतुक टाकीत लपून येण्यास कोणालाच वाव नव्हता. हे चित्र पालटण्यास जकार्ता येथील ली चिन एंग यांची पद्धत कारणीभूत ठरली. त्यांनी १९६१ मध्ये एका अमेरिकन मासिकात मांडले की समुद्रातून ताजे काढलेले खडक आणि हवेचे मंद बुडबुडे एवढ्यावर टाकी चालू शकते. पुढे जर्मनीत हौशी अभ्यासकांनी हाच विचार भरपूर प्रकाश आणि प्रोटीन स्किमर, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये फेसाच्या रूपाने बाहेर काढणारे उपकरण, यांच्याशी जोडला. ती ‘बर्लिन पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. या पद्धतीचा कणा असलेल्या ‘जिवंत खडका’त खडक स्वतः सजीव नसतो, तो बहुधा मृत प्रवाळाचा सच्छिद्र चुनखडी सांगाडा असतो. त्याच्या पृष्ठभागावरील जीवाणू माशांच्या मलातून निघणाऱ्या अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, तर आतील प्राणवायूविरहित पोकळ्यांतले जीवाणू त्या नायट्रेटचे विघटन करून नायट्रोजन वायू मोकळा करतात. जी छिद्रे जीवाणूंना आसरा देतात, तीच कोळंबीलाही आसरा देतात. त्यामुळे टाकीचे आरोग्य आणि टाकीतला लपलेला प्रवासी यांचे मूळ एकच आहे.

फ्लोरिडा आणि फिजी येथून आलेल्या अशा खडकांबरोबर दोन प्रकारचे प्राणी वारंवार येत. पहिला पिस्तूल कोळंबीचा, म्हणजे अल्फीइडी कुलाचा. दुसरा मँटिस कोळंबीचा, म्हणजे स्टोमॅटोपोडा गणाचा. दुसरीला व्यवहारात कोळंबी म्हटले जात असले तरी ती खरी कोळंबी नव्हे, कारण तिची शाखा खेकडे-कोळंबीच्या शाखेपासून सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. या प्राण्यांचे वर्गीकरण मत्स्यालयांच्या फार आधी संग्रहालयांत घडले आणि त्यात भारताचा वाटा मोलाचा आहे: कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील संग्रहावर आधारित, हिंदी-प्रशांत महासागरातील स्टोमॅटोपोडांचा स्टॅन्ली केम्प यांचा प्रबंध १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढील अभ्यासाला तो पायाभूत ठरला.

पिस्तूल कोळंबीचा आवाज मात्र विज्ञानाच्या कानी वेगळ्याच वाटेने पडला. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी समुद्रात सोडलेल्या श्रवणयंत्रांना उथळ उष्ण समुद्रात सतत चरचर ऐकू येई, आणि ती या कोळंबीच्या वसाहतींची असल्याचे अमेरिकेतील युद्धकालीन संशोधनातून स्पष्ट झाले. नांगीचे दोन भाग एकमेकांवर आपटून हा आवाज होतो, असा समज त्यानंतरही दीर्घकाळ टिकला. मिशेल फर्स्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये अतिवेगवान चित्रीकरणाने दाखवून दिले की नांगी मिटताना पाण्याची तीव्र धार सुटते, त्या धारेत कमी दाबाचा बुडबुडा निर्माण होतो आणि तो कोसळताना स्फोटासारखा आवाज होतो. मँटिस कोळंबी आपल्या शिकारी पायांनी जो प्रहार करते त्याचे मोजमाप शीला पटेक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये केले. मोराप्रमाणे रंगीत असलेल्या जातीच्या प्रहाराचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला.

या दोन शोधांमुळे मत्स्यपालकांच्या अनुभवाला शास्त्रीय अर्थ मिळाला, पण ओळखीचा प्रश्न केवळ आवाजावर सुटत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. रात्री काच तडकल्यासारखा एकच टणत्कार आला तर तो बहुधा पिस्तूल कोळंबीचा असतो, आणि लागोपाठ टकटक ऐकू येऊन सकाळी गोगलगायींच्या शंखांचे तुकडे एखाद्या भोकापाशी पडलेले दिसले तर मँटिसचा संशय बळावतो. तथापि दोहोंचे आवाज सहज फसवतात. खात्रीच्या खुणा शरीरात आहेत. पिस्तूल कोळंबीची एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी असते आणि तिचे डोळे कवचाच्या पुढच्या कडेखाली झाकलेले असल्यामुळे काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात. उलट मँटिसचे डोळे देठांवर उभे असून एकमेकांपासून स्वतंत्रपणे फिरतात, आणि तिचे पुढचे शिकारी पाय, खंडोबाचा किडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनाकीटकाप्रमाणे, घडी घालून छातीशी घेतलेले असतात. म्हणूनच जुने मत्स्यपालक दिवे मालवल्यानंतर काही वेळाने मंद लाल प्रकाशात खडक न्याहाळतात, कारण बहुतेक कवचधारी प्राण्यांना लाल प्रकाशाची जाणीव कमी असते आणि ते बिळाबाहेर येण्यास धजावतात. बिळाचे नेमके ठिकाण कळले की तेवढाच खडक बाहेर काढून दुसऱ्या भांड्यात ठेवता येतो, आणि टाकीतील उरलेल्या जिवांना धक्का लागत नाही.

ओळखीचा हा आग्रह केवळ कुतूहलाचा नाही. पिस्तूल कोळंबी बहुतेक वेळा माशांना अपाय करत नाही, उलट तिच्या काही जाती गोबी माशाशी भागीदारी करून एकाच बिळात राहतात: कोळंबी बीळ खोदते, मासा पहारा देतो. खडकातून येणाऱ्या मँटिसांपैकी बऱ्याच जाती बोटाएवढ्याच असतात. त्या जाड काच फोडण्याची शक्यता फार कमी असली तरी लहान मासे, खेकडे आणि गोगलगायी यांचा फडशा त्या पाडतात, म्हणून त्यांना मारून टाकण्यापेक्षा स्वतंत्र लहान टाकीत ठेवणे अधिक न्याय्य आहे. बर्कले येथील प्राणिशास्त्रज्ञ रॉय कॉल्डवेल यांनी मत्स्यपालकांसाठी स्टोमॅटोपोडांच्या जातींची सचित्र सूची तयार केली, ती याच दृष्टिकोनातून.

जिवंत खडकाचा मुक्त व्यापार आज पूर्वीसारखा राहिलेला नाही. फ्लोरिडाच्या समुद्रातील नैसर्गिक खडक काढण्यास विसाव्या शतकाच्या अखेरीस बंदी झाली आणि त्याची जागा समुद्रात मुद्दाम ठेवून वाढवलेल्या खडकांनी घेतली. फिजीनेही २०१७ च्या अखेरीस प्रवाळ आणि जिवंत खडक यांची निर्यात थांबवली. भारतात २००१ पासून प्रवाळभित्ती घडवणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मालवणच्या किंवा अन्य भारतीय किनाऱ्यावरून असा खडक उचलणे हा गुन्हा आहे. कोरड्या कृत्रिम खडकावर टाकी उभारण्याची प्रथा त्यामुळे वाढली आहे, तरी प्रवाळाच्या एखाद्या तुकड्याच्या बुडाशी लपून कोळंबी अजूनही येते. तशी ती आल्यास वाचकाने खडक उकळू नये, कारण त्यावरील काही पुष्पप्राण्यांतील पॅलिटॉक्सिन हे विष वाफेबरोबर पसरून माणसाच्या जिवावर बेतू शकते. आधी तिचे डोळे आणि नांगी पाहून घ्यावी, आणि तिचे काय करायचे ते मग ठरवावे.