टोकियोतला एक फोटो आणि दोन लेन्स

गेल्या महिन्यात मी एका दुकानात दोन लेन्स समोर ठेवून तासभर उभा होतो. दोन्ही ५० एमएमच्या प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या. एक एफ १.८, दुसरी एफ १.४. मला एकांकिकांचे फोटो काढायचे होते. तिथे अंधार असतो आणि फ्लॅश चालत नाही. १.४ मधून दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश येतो, पण किंमत दुपटीच्या वर! सगळी शिल्लक संपणार होती. दुकानदार म्हणाला, "महाग तीच चांगली." तेव्हा मला टोकियोची गोष्ट आठवली.

साल १९५०. महायुद्ध हरलेल्या जपानवर अमेरिकेचा ताबा होता. जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल, असाच समज होता. लेन्स घ्यावी तर जर्मन! आणि ते उगाच नव्हतं बरं का. झाइस कंपनीच्या लुडविग बर्टेले यांनी १९३०च्या दशकात सोनार लेन्स घडवली. त्यांनी काचा एकमेकींना चिकटवल्या, त्यामुळे आतल्या आत परावर्तन कमी झालं. काचेवर कोटिंग नसण्याच्या त्या काळात फोटो धुरकट न होणं ही मोठीच गोष्ट होती.

तर टोकियोत जुन मिकी या जपानी फोटोग्राफरने 'लाइफ' मासिकाच्या डेव्हिड डग्लस डंकनचा एक फोटो काढला. लेन्स होती निक्कोर, ८५ एमएम, एफ २. प्रिंट पाहून डंकन चकित झाला. पण म्हणून त्याने लगेच खरेदी केली नाही. तो थेट निप्पॉन कोगाकू या कंपनीत गेला, म्हणजे आजची निकॉन. तिथे त्याने जर्मन आणि जपानी लेन्स शेजारी शेजारी तपासल्या. निक्कोर सरस ठरली. मग ती त्याने आपल्या लायका कॅमेऱ्यावर चढवली.

त्याच जूनमध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि डंकन आघाडीवर गेला. त्याचे फोटो न्यूयॉर्कला पोचले. डिसेंबरमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या जपानी लेन्सची दखल घेतली आणि तिचं नाव जगभर झालं.

गंमत अशी, की त्या निक्कोरची रचना सोनारच्याच घराण्यातली. म्हणजे 'नक्कल' हा आरोप अगदीच खोटा नव्हता. पण डंकनने घराणं पाहिलं नाही, फोटो पाहिला.

मीही तेच केलं. दुकानातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात दोन्ही लेन्सने फोटो काढले आणि झूम करून पाहिले. माझ्या कॅमेऱ्यावर १.४ पूर्ण उघडल्यावर जरा धूसर दिसत होती. एफ २ वर आणली, तर दोघींत मला फरकच सापडेना. मी १.८ घेतली. दुकानदाराचं तोंड जरा पडलं, पण माझी निम्मी शिल्लक वाचली!

तुम्हीही लेन्स घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा कॅमेरा आणि मेमरी कार्ड सोबत न्या. भेटू पुढच्या भागात!