कॉकपिट प्रवेश आणि वर्तनाचे नियम

कॉकपिट प्रवेश आणि वर्तनाचे नियम म्हणजे प्रवासी विमानाच्या उड्डाणादरम्यान वैमानिककक्षात कोणी जावे, कक्षाचे दार केव्हा बंद ठेवावे आणि विमानातील कर्मचाऱ्यांनी कर्तव्यावर असताना कसे वागावे, हे ठरविणाऱ्या तरतुदींचा समूह होय. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने (आयसीएओ) शिकागो कराराच्या सहाव्या परिशिष्टात याविषयीची किमान मानके दिलेली असून प्रत्येक देश त्यांच्या आधारे स्वतःचे नियम करतो. यांतील बहुतेक नियम एखाद्या अपघातानंतर किंवा अपहरणानंतर अस्तित्वात आले आहेत.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अनेक देशांत प्रवाशांना, विशेषतः लहान मुलांना, उड्डाण चालू असताना कॉकपिट दाखविण्याची प्रथा होती. कक्षाचे दार हलके असे व पुष्कळदा ते उघडेच राही. या मोकळेपणातील धोका एरोफ्लोत कंपनीच्या उड्डाण क्रमांक ५९३ च्या अपघातातून स्पष्ट झाला. २३ मार्च १९९४ रोजी मॉस्कोहून हाँगकाँगला निघालेल्या या एअरबस ए३१० विमानात वैमानिकाने आपल्या दोन मुलांना आळीपाळीने चालकाच्या आसनावर बसू दिले. त्याच्या किशोरवयीन मुलाने नियंत्रणदांड्यावर सतत जोर दिल्याने स्वयंचलित चालन प्रणालीचा एक भाग बंद पडला. त्याची सूचना केवळ दिव्याने मिळाली, ध्वनीने मिळाली नाही; त्यामुळे ती वैमानिकांच्या लक्षात आली नाही. विमान एका बाजूला कलत गेले आणि सायबेरियात कोसळले. विमानातील सर्व ७५ जण मृत्युमुखी पडले.

२९ डिसेंबर २००० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या लंडन–नैरोबी विमानात एक मनोरुग्ण प्रवासी कॉकपिटमध्ये शिरला व त्याने नियंत्रणे ओढली. विमान झपाट्याने खाली गेले, परंतु कर्मचारी व प्रवासी यांनी त्याला आवरल्यामुळे मोठा अनर्थ टळला.

स्टराइल कॉकपिट नियम

११ सप्टेंबर १९७४ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचे उड्डाण क्रमांक २१२ अमेरिकेतील शार्लट विमानतळाजवळ धुक्यात उतरताना कोसळले. विमानातील ८२ जणांपैकी ७२ जण दगावले. विमान उतरत असताना दोन्ही वैमानिक राजकारण, जुन्या मोटारी अशा विषयांवर गप्पा मारत होते आणि त्यामुळे उंचीकडे त्यांचे दुर्लक्ष झाले, असे ध्वनिमुद्रणावरून दिसून आले. अशा घटना लक्षात घेऊन अमेरिकेच्या संघराज्य विमानन प्रशासनाने (एफएए) १९८१ मध्ये हा नियम लागू केला.

'स्टराइल' या शब्दाचा येथील अर्थ व्यत्ययमुक्त असा आहे. जमिनीवरून विमान नेणे, उड्डाण, अवतरण आणि १०,००० फुटांखालील स्थिर उड्डाणाव्यतिरिक्त सर्व हालचाली हे निर्णायक टप्पे मानले जातात. या टप्प्यांत वैमानिकांनी विमानाच्या सुरक्षित संचालनाशी संबंध नसलेले बोलणे वा काम करू नये आणि केबिन कर्मचाऱ्यांनीही क्षुल्लक कारणासाठी त्यांच्याशी संपर्क साधू नये, असा दंडक आहे. मात्र धूर, आग किंवा अन्य धोका दिसल्यास ताबडतोब कळविणे हे कर्मचाऱ्यांचे कर्तव्यच ठरते. नियमाच्या भीतीने आवश्यक माहिती दडून राहू नये, म्हणून प्रशिक्षणात हा फरक शिकविला जातो.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोसळलेल्या कोलगन एअरच्या विमानातही वैमानिकांनी हा नियम मोडल्याचे तपासात आढळले. त्या अपघातात जमिनीवरील एका व्यक्तीसह ५० जण मरण पावले.

दाराची रचना आणि वापर

११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांच्या कॉकपिटचा ताबा घेऊन दहशतवादी हल्ले करण्यात आले. त्यानंतर दार मजबूत करणे अनिवार्य झाले. आयसीएओच्या मानकानुसार १ नोव्हेंबर २००३ पासून ६० पेक्षा अधिक प्रवासी आसनांच्या किंवा ४५,५०० किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या प्रवासी विमानांचे कॉकपिट दार लहान शस्त्रांच्या गोळ्या, हातबाँबचे तुकडे आणि बळजबरीचा प्रवेश यांना दाद न देणारे असावे लागते. प्रवासी चढून बाहेरची सर्व दारे बंद झाल्यापासून ते उतरण्यासाठी दार उघडेपर्यंत हे दार कुलूपबंद ठेवावे लागते. अधिकृत व्यक्तींची ये-जा हाच त्याला अपवाद असतो. दाराबाहेर कोण आहे, हे वैमानिकांना आसनावरून पाहता आले पाहिजे.

अशा दाराशेजारी सामान्यतः अंकफलक असतो. वैमानिक बेशुद्ध झाल्यास केबिन कर्मचारी आणीबाणीचा संकेतांक टाकतात. ठरावीक सेकंद इशारा वाजतो व आतून कोणी नकार न दिल्यास कुलूप थोडा वेळ उघडते. आतील वैमानिक मात्र कळ फिरवून हा प्रवेश रोखू शकतो. संकेतांक बळजबरीने मिळविलेल्या अपहरणकर्त्याला अडविण्यासाठी ही सोय ठेवण्यात आली.

जर्मनविंग्ज अपघात आणि दोन व्यक्तींचा नियम

याच सोयीची दुसरी बाजू २४ मार्च २०१५ रोजी समोर आली. बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला जाणाऱ्या जर्मनविंग्जच्या उड्डाण क्रमांक ९५२५ मधील मुख्य वैमानिक कॉकपिटबाहेर गेला असता सहवैमानिकाने दार आतून बंद ठेवले आणि विमान हेतुपुरस्सर फ्रान्समधील आल्प्स पर्वतावर आदळविले. विमानातील सर्व १५० जण ठार झाले. मुख्य वैमानिकाने दार फोडण्याचा प्रयत्न केला. परंतु हल्लेखोराला थोपविण्यासाठी बनविलेले ते दार त्यालाही उघडता आले नाही.

अपघातानंतर तीनच दिवसांनी युरोपीय विमानन सुरक्षा संस्थेने कॉकपिटमध्ये सदैव किमान दोन अधिकृत व्यक्ती असाव्यात, अशी शिफारस केली. एक वैमानिक बाहेर गेल्यास केबिन कर्मचाऱ्याने आत थांबण्याची ही पद्धत अमेरिकेत आधीपासूनच होती. पुढे युरोपात २०१६ मध्ये ही शिफारस शिथिल करून निर्णय कंपन्यांच्या जोखीम मूल्यमापनावर सोपविण्यात आला. या नियमामुळे दार अधिक वेळा उघडावे लागते व आत येणाऱ्यांची संख्या वाढते, असा आक्षेप घेतला जातो. तर संकटसमयी दार उघडण्यास आत कोणीतरी असणे आवश्यक आहे, असे समर्थक म्हणतात. तपासानंतर वैमानिकांचे मानसिक आरोग्य, वैद्यकीय गोपनीयतेची मर्यादा आणि उपजीविका जाण्याच्या भीतीने आजार लपविण्याची प्रवृत्ती यांकडेही लक्ष वेधले गेले.

कर्मचाऱ्यांचे वर्तन

२१ ऑक्टोबर २००९ रोजी नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे उड्डाण क्रमांक १८८ आपले गंतव्य असलेले मिनियापोलिस मागे टाकून पुढे निघून गेले. वैमानिक आपल्या लॅपटॉपमध्ये गुंतले होते. विमान नंतर सुखरूप उतरले. या घटनेनंतर अमेरिकेत वैमानिकांना कर्तव्यावर वैयक्तिक कामासाठी अशी उपकरणे वापरण्यास कायद्याने मनाई करण्यात आली.

वर्तनाच्या नियमांत अधिकारपदाचा प्रश्नही येतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ येथे दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर कनिष्ठाने शंका निःसंकोचपणे मांडावी व वरिष्ठाने ती ऐकावी, यासाठी 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' हे प्रशिक्षण रूढ झाले.

भारतातील तरतुदी

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए) उड्डाणसुरक्षेचे, तर नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभाग (बीसीएएस) अपहरणादी धोक्यांपासून संरक्षणाचे नियम करतो. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या आयसी-८१४ विमानाचे काठमांडू–दिल्ली मार्गावर अपहरण होऊन ते कंदाहारला नेण्यात आले. या घटनेने भारतात कॉकपिटच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आणला.

२२ मे २०१० रोजी मंगळूर येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान धावपट्टीपुढे जाऊन दरीत कोसळले व १५८ जण मरण पावले. मुख्य वैमानिक उड्डाणात बराच वेळ झोपला होता आणि सहवैमानिकाने अवतरण सोडून देण्याविषयी केलेल्या सूचनांकडे त्याने दुर्लक्ष केले, असे चौकशीत आढळले. १ जानेवारी २०१८ रोजी जेट एअरवेजच्या लंडन–मुंबई विमानात दोन वैमानिकांमध्ये भांडण झाले. कंपनीने दोघांनाही कामावरून काढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाच्या दुबई–दिल्ली उड्डाणात वैमानिकाने परिचित व्यक्तीला कॉकपिटमध्ये बसू दिले. डीजीसीएने त्याचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला आणि कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. अशा प्रकरणी उड्डाण निर्विघ्न पार पडले, हा बचाव मान्य होत नाही. अनधिकृत प्रवेश हाच नियमभंग मानला जातो.