डोणीत चालणारे वॉकर

वॉकर मंडळींचे पूर्वज चालत खरे, पण एकाच जागी. लाकडी डोणीत, ओल्या लोकरी कापडावर.

मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरविरीत आणि तेलकट असे. ते डोणीत घालून त्यावर शिळं मूत्र ओतायचं, नाहीतर आपली मुलतानी माती असते त्या जातीची माती कालवायची, आणि तासन्‌तास तुडवायचं. मुतातल्या अमोनियाने तेलकटपणा सुटे, पायांच्या रगड्याने तंतू एकमेकांत गुंतत आणि कापड आटून दाट होई. संध्याकाळी घरी परतणाऱ्या या माणसाच्या वासाची कल्पना न केलेली बरी.

उत्तर आणि मध्य इंग्लंडात त्याला वॉकर म्हणत, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला टकर. धंदा एक, आडनावं तीन. एक्सेटरमध्ये या कारागिरांच्या संघाचा, १४७१ साली सुरू झालेला टकर्स हॉल अजून उभा आहे.

खरी गंमत पुढेच. टेम्पलर सरदारांच्या ११८५ सालच्या मालमत्ता पाहणीत यॉर्कशरमधल्या न्यूसमला हेच काम करणारी पाणचक्की नोंदली आहे: चाक फिरलं की लाकडी हातोडे उचलले जाऊन कापडावर आदळत. अशा चक्क्या तेराव्या शतकात पसरल्या. बापाचं आडनाव मुलाने लावायची रीत सामान्य घरांत रुजली तीही त्याच सुमारास. म्हणजे नाव कायम होईतो पुष्कळांचे पाय डोणीबाहेर आलेले होते. अगदी सगळ्यांचे नव्हेत. चौदाव्या शतकातला कवी विल्यम लँग्लंड पाय आणि यंत्र दोन्हींचा उल्लेख करतो. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर तर बायका विसाव्या शतकातही फळीभोवती बसून, गाणी म्हणत हातांनी कापड आपटत होत्या.

किल्मार्नॉकच्या वाणी जॉन वॉकरचं नाव व्हिस्कीमुळे जगभर झालं. त्या बाटलीसाठी १९०८ साली टॉम ब्राउनने टोपीवाला गृहस्थ चितारला, तो मात्र ऐटीत पुढे चालला आहे. डोणीची आठवण कुणाला राहिली होती!

आपल्याला जवळचा वॉकर म्हणजे गिल्बर्ट. जन्म १८६८, रॉचडेल या लँकेशरमधल्या लोकरी कापडाच्या गावी. १९०४ ते १९२४ तो हिंदुस्थानच्या वेधशाळांचा प्रमुख होता. मोसमी पावसाचा अंदाज बांधता बांधता त्याला प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला. प्रशांत महासागरावरच्या वाऱ्यांच्या चक्राला १९६९ साली त्याचं नाव मिळालं, आणि एल निनोच्या वर्षी आपल्याकडचे हवामानतज्ज्ञ त्याच ‘वॉकर चक्रा’वर नजर ठेवून असतात.