हायड्रोनेफ्रोसिस, अर्भकांतील

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी खाली उतरताना अडल्यामुळे किंवा मूत्राशयातून उलट वर चढल्यामुळे मूत्रपिंडाच्या मध्यावरील नसराळ्यासारखा भाग (मूत्रद्रोणी) फुगण्याची अवस्था. बोलण्यात तिला ‘किडनीला सूज’ म्हणतात. मात्र तीत दाह किंवा वेदना असतेच असे नाही. ती बहुधा बाळ पोटात असतानाच सोनोग्राफीत दिसते. दर शंभर गर्भांमागे साधारण १ ते ५ गर्भांत असा फुगवटा आढळतो. बहुसंख्य बाळांत तो पहिल्या दोन-तीन वर्षांत आपोआप उतरतो. थोड्या बाळांत मात्र बाळ दूध पीत आणि हसतखेळत असतानाच एका मूत्रपिंडाचे काम हळूहळू मंदावते. दोन्ही प्रकारची बाळे वरवर पाहता सारखीच दिसतात. त्यामुळे ठरल्या तारखांना झालेल्या तपासण्या आणि तापात वेळेवर झालेली लघवीची तपासणी यांवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. ही दोन्ही कामे पालकांकडेच येतात.

गर्भावस्थेतील निदान. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील सोनोग्राफीत मूत्रद्रोणीची पुढून मागे अशी रुंदी मोजतात. दुसऱ्या तिमाहीत ती ४ मिमी. किंवा अधिक आणि तिसऱ्या तिमाहीत ७ मिमी. किंवा अधिक असेल, तर हायड्रोनेफ्रोसिस धरतात. तिसऱ्या तिमाहीत १५ मिमी.च्या वर गेल्यास ती तीव्र समजतात. फुगवटा जितका मोठा, तितकी जन्मानंतर खरा दोष सापडण्याची शक्यता जास्त. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ही शक्यता सौम्य फुगवट्यात सुमारे १२, मध्यम फुगवट्यात ४५ आणि तीव्र फुगवट्यात ८८ टक्के आढळली. रुंदीइतकेच गर्भजलालाही महत्त्व आहे. साधारण सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असते. त्यामुळे दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली आणि पाणी कमी असेल, तर मूत्रपिंडांबरोबर फुप्फुसांच्या वाढीचीही काळजी असते.

या फुगवट्याचे सर्वांत गंभीर कारण, म्हणजे मूत्रमार्गातील झडपा, फक्त मुलग्यांत आढळते. भारतात गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे (१९९४) गर्भाचे लिंग सांगता येत नाही. त्यामुळे या शंकेबद्दल आईवडिलांशी मोकळेपणी बोलण्यावर मर्यादा येते. ‘बाळ झाल्यावर लगेच बालशल्यचिकित्सकांना दाखवा’ अशी सूचना मिळाली असेल, तर ती कारण पुरते सांगितले नसले तरी पाळणे आवश्यक असते.

कारणे. निम्म्याहून अधिक बाळांत फुगवटा तात्पुरता असतो आणि त्यामागे कोणताही दोष सापडत नाही. मूत्रद्रोणी जिथे मूत्रवाहिनीला मिळते तिथला अडथळा (पीयूजे अडथळा) १० ते ३० टक्के बाळांत असतो, तर मूत्राशयातील लघवी वर चढण्याचा दोष (रिफ्लक्स) १० ते २० टक्क्यांत. मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशी अडथळा आणि मूत्रपिंडाच्या जागी निकामी गाठींचा पुंजका (बहुगाठी मूत्रपिंड) ही कारणे त्याहून विरळ आहेत. मूत्रमार्गातील झडपा एक-दोन टक्क्यांतच आढळतात.

हे दोष मूत्रमार्ग घडत असतानाच निर्माण होतात. ग्रहण न पाळणे, डोहाळ्यांत काही खाणे किंवा प्रवास करणे यांच्याशी त्यांचा संबंध नाही. घराण्यात चालण्याकडे स्पष्ट कल दिसतो तो रिफ्लक्समध्ये: रिफ्लक्स असलेल्या मुलांच्या भावंडांची तपासणी केली असता सुमारे २७ टक्के भावंडांत तो आढळला आहे.

जन्मानंतरच्या तपासण्या. जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत बाळाला लघवी कमी होते आणि फुगवटा आहे त्यापेक्षा लहान दिसतो. म्हणून पहिली सोनोग्राफी तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान आणि दुसरी चौथ्या ते सहाव्या आठवड्यात करतात. पहिली ‘नॉर्मल’ आली तरी दुसरी टाळता येत नाही. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली असतील, मूत्रपिंड एकच असेल, गर्भजल कमी असेल किंवा मूत्राशयाची भिंत जाड दिसत असेल, तर पहिल्या २४ ते ४८ तासांतच तपासणी होते. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) पहिल्या दिवशी आईच्याच रक्ताचे प्रमाण दाखवते. त्यामुळे तो एकटा आकडा पाहून घाबरू नये आणि निश्चिंतही होऊ नये. काही दिवसांच्या अंतराने पुन्हा केलेल्या तपासणीतून बाळाची स्थिती कळते.

महाराष्ट्रात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर नेत नाहीत. दोन्ही सोनोग्राफी नेमक्या याच काळात येतात. गर्भावस्थेतील अहवाल सासरच्या गावच्या दवाखान्यात आणि बाळ माहेरी, अशी फारकत झाली की तारखा चुकतात. सर्व अहवाल एका फाइलमध्ये घालून ती बाळाबरोबर ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे. फाइलमध्ये प्रत्येक वेळची मूत्रद्रोणीची रुंदी, फुगवट्याची प्रत आणि बाळाचे वजन तारखेसह असावे. एसएफयू पद्धतीत (१९९३) फुगवट्याच्या प्रती शून्य ते चार अशा लावतात. २०१४ च्या यूटीडी पद्धतीत जन्मानंतरच्या फुगवट्याचे पी१, पी२ आणि पी३ असे धोक्याच्या चढत्या क्रमाने गट पाडतात.

फुगवटा टिकून राहिल्यास पुढील तपासण्या होतात. एमसीयू या तपासणीत मूत्राशयात बारीक नळीने औषध सोडून बाळ लघवी करत असताना क्ष-किरण चित्रे घेतात. रिफ्लक्स आणि झडपा त्यात दिसतात. नळी घालताना बाळ रडते, पण भूल लागत नाही. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून प्रतिजैविक देतात. आई पुन्हा गरोदर असेल, तर तिने क्ष-किरणांच्या खोलीत थांबू नये. डीटीपीए किंवा ईसी स्कॅनवरून प्रत्येक मूत्रपिंड किती टक्के काम करते आणि लघवीचा निचरा कसा होतो ते कळते. तो शक्यतो बाळ सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर करतात, कारण नवजात मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता फार कमी असते. डीएमएसए स्कॅनमध्ये संसर्गाने पडलेले व्रण दिसतात; त्यासाठी संसर्गानंतर चार-सहा महिने थांबतात.

ताप आणि लघवीची तपासणी. अशा बाळाला सर्वाधिक धोका असतो तो लघवीच्या जंतुसंसर्गाचा. बाळ जळजळ सांगू शकत नाही. सर्दी-खोकला नसताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, दूध न ओढणे, उलट्या, चिडचिड, न उतरणारी कावीळ किंवा वजन न वाढणे हीच त्याची लक्षणे असतात. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. मोठ्या बाळाचा ताप दात येण्यावर किंवा दृष्टीवर ढकलला जातो आणि दोन-तीन दिवस निघून जातात. उपचाराला ४८ ते ७२ तासांहून अधिक उशीर झाल्यास मूत्रपिंडावर व्रण राहण्याचा धोका वाढतो.

लघवीचा नमुना प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्यापूर्वी घ्यावा लागतो. चिकटवायच्या पिशवीतील नमुन्यात त्वचेवरील जंतू मिसळतात, म्हणून कल्चरसाठी ती भरवशाची नाही. जागा स्वच्छ धुऊन, बाळाला मांडीवर धरून मधली धार निर्जंतुक डबीत झेलणे अधिक चांगले. ओटीपोटावर थंड पाण्यात भिजवलेला बोळा गोल फिरवल्यास बाळ लवकर लघवी करते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत या युक्तीने पाच मिनिटांत ३१ टक्के बाळांनी लघवी केली; नुसती वाट पाहिली तेव्हा हे प्रमाण १२ टक्के होते. बाळ अत्यवस्थ असेल, तर डॉक्टर नळीने नमुना घेतात. नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोचणार नसेल, तर फ्रिजमध्ये ठेवावा. नवीन डॉक्टरांकडे जावे लागल्यास ‘बाळाच्या किडनीला सूज आहे, आधी लघवी तपासायची आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

प्रतिबंधक औषध. तीव्र फुगवटा किंवा रिफ्लक्स असलेल्या काही बाळांना संसर्ग टाळण्यासाठी रोज रात्री प्रतिजैविकाचा छोटा डोस देतात. पहिल्या काही महिन्यांत बहुधा सेफॅलेक्सिन असते. कोट्रायमोक्साझोल सुरुवातीच्या आठवड्यांत टाळतात, कारण त्याने काविळीचा धोका वाढतो. अमेरिकेतील रिव्हर चाचणीत (२०१४) रिफ्लक्स असलेल्या ६०७ मुलांत अशा औषधाने पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, पण नव्या व्रणांच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणून हे औषध सरसकट दिले जात नाही. डोस वजनावर ठरतो. बाळ वाढेल तसा तो प्रत्येक भेटीत नव्याने ठरवून घ्यावा लागतो. घरातल्या चमच्याऐवजी खुणा असलेली सिरिंज वापरावी. बाळ चांगले दिसते म्हणून औषध परस्पर थांबवू नये.

रोजची देखभाल. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध हा नियम या बाळांना अधिकच लागू पडतो. गाईच्या दुधातील क्षार आणि प्रथिने यांचा मूत्रपिंडावर येणारा भार आईच्या दुधाच्या सुमारे तिप्पट असतो. बाळगुटी, मध आणि वरचे पाणी देऊ नये. ताप उतरवण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते. आयब्युप्रोफेन मात्र मूत्रपिंडाला हानिकारक ठरू शकते. जुलाब-उलट्यांत शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. झडपांचा दोष असलेल्या बाळांची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे त्यांना लघवी भरपूर होत असली तरी पाणी कमी पडलेले असू शकते.

मालिश आणि आंघोळ नेहमीसारखी करता येते. पोटावर जोर देऊ नये. मुलग्याच्या शिश्नाची त्वचा या वयात चिकटलेलीच असते. न्हाऊमाखू घालणाऱ्या बाईने ती ओढून मागे सारू नये. मुलीची जागा पुढून मागे पुसावी. वरचे अन्न सुरू झाल्यावर बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण साचलेल्या मलाने मूत्राशय नीट रिकामे होत नाही आणि संसर्ग वाढतो. लसीकरण वेळापत्रकाप्रमाणेच करतात. मुलग्याची लघवी सतत थेंब थेंब येत असेल किंवा त्याला जोर करावा लागत असेल, तर ते लगेच डॉक्टरांना कळवावे.

शस्त्रक्रिया. पीयूजे अडथळ्यात फुगवटा वाढत गेला, त्या बाजूचे काम ४० टक्क्यांच्या खाली आले किंवा दोन स्कॅनमध्ये स्पष्ट घसरले, तर अरुंद भाग काढून मूत्रद्रोणी व मूत्रवाहिनी पुन्हा जोडतात (पायलोप्लास्टी). अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते आणि दहांपैकी नऊहून अधिक बाळांत यशस्वी होते. जोडाच्या आत डीजे स्टेंट ही नळी काही आठवडे ठेवतात. ती काढण्याची तारीख विसरल्यास तिच्यावर खडे जमतात. झडपा दुर्बिणीने छेदतात. अडथळा मोकळा झाला तरी आधीच झालेली हानी भरून येतेच असे नाही. काही मुलांची मूत्रपिंडे पुढे निकामी होतात. त्यांना आधी डायलिसिस आणि वजन साधारण दहा किलो झाल्यावर प्रत्यारोपण करता येते. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार आईवडील जवळचे नातलग म्हणून आपले मूत्रपिंड देऊ शकतात. रिफ्लक्स अनेकदा वयाबरोबर कमी होतो. संसर्ग वारंवार होत राहिल्यास दुर्बिणीतून इंजेक्शन देतात किंवा शस्त्रक्रिया करतात.

घरातील माणसे. बाळ गुटगुटीत असताना ते ‘आजारी’ आहे हे आजी-आजोबांना पटत नाही आणि सुई-नळ्या नकोशा वाटतात. उलट, आई प्रत्येक डायपर तपासत झोप गमावते. घरी काय पाहायचे याची यादी छोटीच आहे: ताप, दूध पिणे, वजन आणि मुलगा असल्यास धार. फुगवटा वाढला की उतरला हे घरी ओळखता येत नाही, त्यासाठी सोनोग्राफीच लागते. हे डॉक्टरांनी आजी-आजोबांसमोर एकदा सांगितले, तर तपासण्यांना होणारा विरोध कमी होतो. तपासणीच्या दिवशी वडिलांनीही सोबत असावे. एकाच माणसाने ऐकलेले घरी सांगताना निम्मे गळून जाते.

सोयी. भारतात बाल-मूत्रपिंडतज्ज्ञांच्या गटाने या विकारासाठी २००१ मध्ये मार्गदर्शक सूचना तयार केल्या. त्या २०१३ मध्ये सुधारल्या गेल्या. महाराष्ट्रात मुंबईच्या वाडिया बाल रुग्णालयात (स्थापना १९२९) तसेच मुंबई-पुण्यातील मोठ्या सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बालशल्यचिकित्सा उपलब्ध आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११) आजारी अर्भकांवर सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके (२०१३ पासून) मुलांना वरच्या रुग्णालयात पाठवतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बालशल्यचिकित्सेचा समावेश आहे. शस्त्रक्रिया त्या योजनेत बसते का, हे तारीख ठरण्यापूर्वीच रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारून घ्यावे.

पुढील काळ. फुगवटा पूर्ण उतरून दोष नसल्याचे ठरले, तर तपासण्या थांबतात. व्रण राहिलेल्या, एकाच मूत्रपिंडावर असलेल्या किंवा झडपांची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचा रक्तदाब, लघवीतील प्रथिने आणि उंची-वजन दरवर्षी पाहावे लागते. एकच मूत्रपिंड निरोगी असेल, तर ते वाढून दुसऱ्याचे काम बरेचसे भरून काढते. शाळा, खेळ आणि आहार यांत सहसा बंधन नसते. मूत्रपिंडावर व्रण असलेल्या मुलीला पुढे गरोदरपणात रक्तदाब आणि लघवीच्या संसर्गाचा धोका अधिक असतो. त्या वेळी तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना बालपणीचा डीएमएसए अहवाल लागतो, म्हणून ही कागदपत्रे मूल मोठे झाल्यावरही जपून ठेवायची असतात.