दिनविशेष : १ सप्टेंबर १९३९
व्येलुनवर बॉम्ब

१ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे जर्मन विमानांनी पोलंडमधील व्येलुन या लहान शहरावर बॉम्बफेक केली. इस्पितळही वाचले नाही. त्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या देशांना नागरी वस्त्यांवर हवाई हल्ले न करण्याचे आवाहन केले. ब्रिटन आणि जर्मनी, दोघांनीही होकार कळवला.

तो होकार टिकला नाही. वॉर्सा, लंडन, हॅम्बुर्ग, ड्रेस्डेन पेटली. १९४५ मध्ये टोकियो, हिरोशिमा, नागासाकीवर खुद्द अमेरिकेने बॉम्ब टाकले. सुरुवात समोरच्याने केली, युद्ध लवकर संपेल, ही समर्थने तेव्हाही होती, आजही आहेत. पण मरणाऱ्या लेकरांनी ना युद्ध पुकारले होते, ना ते थांबवणे त्यांच्या हाती होते.

कोल्हापूरजवळच्या कसबा बावडा परिसराला हा इतिहास परका नाही. या युद्धात सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांना १९४३ पासून जवळच्या वळिवडे छावणीत आसरा मिळाला. त्यांत बहुतांश बायका-मुले होती. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातील स्तंभ त्यांची आठवण जपतो.

नागरिकांवरील अंदाधुंद हल्ल्यांना स्पष्ट बंदी घालणारा जिनिव्हा करारांचा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल १९७७ मध्ये आला. अमेरिका आणि भारत यांनी त्याला अजून अंतिम मान्यता दिलेली नाही. निर्वासितांना आसरा देणाऱ्या भारताने ती द्यायला हवी.