बिनतारी गायरान

बी. कॉम.ला इतिहास हा विषय नसतो. (भविष्यही नसतं, असं आमचे अकाउंटन्सीचे प्राध्यापक म्हणायचे, ते स्वतः एम. कॉम. असल्यामुळे त्यात थोडी भावकी असावी.) त्यामुळे बँकेच्या काउंटरमागे बसून इतिहास लिहायला घेणाऱ्या माणसाचा एक फायदा होतो. पानिपतावर नेमकं काय बिनसलं, हे त्याला कुणी विचारत नाही. त्याने आपल्या वकुबाप्रमाणे एखादी वस्तू उचलावी, जमा-नावे मांडावं आणि बेरीज जुळते का ते बघावं. मी उचललेली वस्तू म्हणजे प्रवासात न्यायचा चिमुकला संगणक. आणि नवरीमागून करवली यावी तसं त्याच्यामागून आलेलं बिनतारी इंटरनेट.

'हातात धरून नेता येणारा संगणक' म्हणून बाजारात गाजलेलं पहिलं यंत्र १९८१ सालचं. नाव ऑसबॉर्न-१. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंचांचा, किंमत १७९५ डॉलर. बंद केलं की शिवणयंत्राची पेटी वाटावी. विमानातल्या खुर्चीखाली मावतं, ही त्याची मोठी ख्याती. आत बॅटरी नव्हती, म्हणजे खुर्चीखाली ते फक्त मावत असे, चालत नसे. 'नेता येणारा' याचा अर्थ पाटा-वरवंटाही नेता येतो, त्याच चालीवर घ्यायचा. पण एक हँडल लावल्याबरोबर माणसाला आपण हलके झालो असं वाटतं, हा व्यापारातला जुना सिद्धांत आहे. सूटकेसवाले त्यावरच जगले.

या यंत्राचे कर्ते अ‍ॅडम ऑसबॉर्न मला जवळचे वाटतात ते वेगळ्याच कारणाने. हा गृहस्थ जन्मला बँकॉकला, पण त्याचं लहानपण गेलं तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलईला. वडील आर्थर ऑसबॉर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. म्हणजे वडिलांनी अपरिग्रहाच्या सावलीत बसून लिहावं आणि मुलाने अकरा किलोंचा परिग्रह लोकांच्या हातात द्यावा! अ‍ॅडमसाहेबांची कंपनी दोन वर्षांत वर गेली आणि १९८३ च्या सप्टेंबरात दिवाळ्यात निघाली. सांगतात ते असं, की पुढचं मॉडेल याहून झकास येतंय, हे त्यांनी आधीच बोलून टाकलं आणि गिऱ्हाइकांनी हातातल्या मालाकडे पाठ फिरवली. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत याला 'ऑसबॉर्न परिणाम' म्हणतात. दिवाळं निघायला दुसरीही कारणं होती असं जाणकार म्हणतात, आणि ते खरंही असावं. पण 'उद्या ताजी मेथी येणार आहे' असं ओरडून आजची मेथी विकू नये, हे मंडईतल्या कुठल्याही मावशी फी न घेता सांगतील. ऑसबॉर्न अखेर भारतातच परतले आणि २००३ साली कोडाईकनालला वारले.

वहीसारखा मिटणारा संगणक १९८२ चा, ग्रिड कंपास. बिल मॉग्रिजने त्याचा घाट घडवला. किंमत आठ हजार डॉलरांच्या वर, त्यामुळे तो अंतराळयानातून फिरून आला तरी आपल्याकडच्या एस.टी.त कुणाच्या मांडीवर दिसला नाही. सामान्य माणसाचं यंत्र आलं १९८३ मध्ये, टीआरएस-८० मॉडेल १००. चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालणारं, आठ ओळी दाखवणारं, दीड किलोच्या आतलं. अमेरिकेतले वार्ताहर त्यावर जीव टाकत. बातमी टाइप करायची, हॉटेलच्या टेलिफोनचा कर्णा रबरी वाट्यांत बसवायचा, की मजकूर शिट्ट्या मारीत कचेरीत पोचे. वेग सेकंदाला सुमारे तीस अक्षरं. हा लेख पाठवायला पाच-सहा मिनिटं लागली असती. आमच्या घरात एकाच बातमीसाठी टेलिफोन याहून जास्त वेळ अडकतो, आणि शेवटी बातमी काय होती ते कळतच नाही.

इथवर सगळं तारेवर चाललं होतं. तार तोडायचं काम झालं हवाई बेटांवर. हो, तिथेच, जिथे लोक लाटांवर फळ्या घालून उभे राहतात. बेटं समुद्रात विखुरलेली, टेलिफोनच्या तारा बेभरवशाच्या आणि संगणक एकाच बेटावर. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अ‍ॅब्रम्सन यांनी रेडिओवरून संगणक जोडणारं 'अलोहानेट' सुरू केलं. त्याची रीत मला फार आवडते. ज्याला बोलायचंय त्याने बोलून टाकावं. पोचल्याची पावती आली तर उत्तम. दोघं एकदम बोलले तर दोघांचाही मजकूर फुकट जातो, पावती येत नाही. मग प्रत्येकाने आपापल्या नशिबाप्रमाणे थोडा वेळ थांबून पुन्हा बोलावं. पेन्शनच्या तारखेला आमच्या काउंटरवर पहिला भाग तंतोतंत असाच चालतो. थांबण्याचा भाग अजून कुणाच्या गळी उतरलेला नाही. आजच्या वायफायच्या शिस्तीत सुधारणा खूप झाल्या, पण मूळ गोत्र अलोहाचंच.

आता येतं ते गायरान. रेडिओच्या लहरी म्हणजे सरकारी जमीन. लायसन्सशिवाय पाऊल टाकायचं नाही. आमच्या वडिलांच्या ट्रंकेत रेडिओचं लायसन्सबुक होतं, पोस्टात दरवर्षी पैसे भरल्याचे शिक्के असलेलं. नुसतं ऐकायलाही लायसन्स! बोलायचं तर नावच सोडा. १९८५ साली अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एक अघटित केलं. मायक्रोवेव्ह भट्ट्यांसारख्या यंत्रांसाठी बाजूला ठेवलेले काही पट्टे, ज्यांत खरखरीमुळे कुणी शहाणा घर बांधत नव्हता, ते 'अमुक ताकदीच्या आत राहून, दुसऱ्याला त्रास न देता वापरा, लायसन्स नको' असं म्हणून मोकळे केले. गावाबाहेरची नापीक जमीन, कुणाच्या सातबाऱ्यावर नाव नाही, गुरं कुणीही चारा. आज जगभरचं बरंचसं वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चरतं, ते हे गायरान. शेजारच्या काकू मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करायला ठेवतात तेव्हा आमचा सिनेमा गटांगळ्या खातो, त्याचं मूळ तिथे आहे.

या गायरानात पहिली गुरं कुणी घातली? शास्त्रज्ञांनी नव्हे, दुकानदारांसाठी गल्ल्याची यंत्रं करणाऱ्यांनी! एनसीआर, म्हणजे मूळची नॅशनल कॅश रजिस्टर. मोठ्या दुकानात काउंटर इकडचं तिकडे हलवलं की दर वेळी तारा उखडाव्या लागत. त्या वाचवायला कंपनीच्या हॉलंडमधल्या इंजिनियरांनी बिनतारी गल्ल्याची खटपट केली. त्यांतलेच विक हेस पुढे दहा वर्षं मानक ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते. कंपन्या कंपन्यांत एकमत घडवायचं म्हणजे काय, हे ज्याने सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्यालाच कळेल. १९९७ ला ८०२.११ हे मानक ठरलं. ऑस्ट्रेलियात कृष्णविवरांच्या स्फोटाचे क्षीण संदेश शोधणाऱ्या जॉन ओसुलिव्हन आणि मंडळींचं गणितही पुढे या कामी आलं; कृष्णविवराचा संदेश मिळाला नाही, पेटंटचे पैसे मात्र कोट्यवधी डॉलर मिळाले. हॉलिवूडची देखणी नटी हेडी लामार हिने वायफाय शोधलं, असं हल्ली सांगतात. तिने एका संगीतकाराबरोबर लहरी बदलत राहण्याची युक्ती काढून १९४२ ला पेटंट घेतलं, हे पक्कं. १९९७ च्या मानकात तशा उड्यांचा एक प्रकारही होता. पण आजच्या वायफायच्या जमाखर्चात तिचं नाव मालक म्हणून नव्हे, मानाचं पान म्हणून घालावं. एका कॉमर्सवाल्याला मात्र याहून मोठं समाधान कुठलं, की बिनतारी जगाचा जन्म दुकानाच्या गल्ल्यात झाला!

'वायफाय' हे नाव १९९९ चं, नावं ठेवण्याचाच धंदा असलेल्या एका कंपनीने ठेवलेलं. त्याचा अर्थ काही नाही. 'हायफाय'शी यमक जुळतं, एवढंच. आपल्याकडे बारशाला आत्या हेच करते आणि काही घेत नाही, उलट झबलं देते. त्याच साली स्टीव्ह जॉब्झने आयबुक उचलून त्याभोवती रिंगण फिरवून दाखवलं: बघा, तार नाही. जादूगार तरंगणाऱ्या बाईभोवती फिरवतो, तसंच.

मग लोक हातात यंत्र घेऊन रस्तोरस्ती लहरी हुंगत हिंडू लागले. २००२ साली लंडनच्या मॅट जोन्सने खुणांची भाषाच काढली. भिंतीवर खडूने पाठीला पाठ लावलेली दोन अर्धवर्तुळं म्हणजे इथे उघडं वायफाय आहे. पूर्ण वर्तुळ म्हणजे कुलूप. जुन्या काळी अमेरिकेतले भटके 'या घरी जेवण मिळतं' अशा खुणा एकमेकांसाठी करून ठेवत, त्यावरून हे सुचलं. आमच्या दारावर पोलिओवाले खडूने खूण करून जातात, तेवढीच. तिचा अर्थ 'या घरी येऊन गेलो' इतकाच, आणि जेवणाचं आश्वासन नाही.

भारतात हे गायरान ठरावीक ताकदीच्या मर्यादेत परवानामुक्त झालं ते जानेवारी २००५ मध्ये. त्याच सुमारास निकोलस नेग्रोपाँटे गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप करायला निघाले होते. तो शंभरात बसला नाही, पण त्या गडबडीत बाजाराला कळलं, की लोकांना छोटं आणि स्वस्त हवंय. २००७ च्या अखेरीस आसुसचा ईईई पीसी आला: ७ इंचांचा पडदा, किलोच्या आत वजन. त्याच्या मागून नेटबुकांची रांगच लागली. २००९ साली मी लॅमिंग्टन रोडवरून त्यांतलं एक आणलं. बायकोने झाकण उघडून पाहिलं आणि विचारलं, "हे मोठं कधी होणार?" आमच्या हेडकॅशियरनी त्यावर डबा ठेवून पाहिला आणि 'डबा मोठा आहे' असा अहवाल दिला.

प्रवासात वायफाय शोधणं मात्र तोवर अवघड झालं होतं, आणि त्याचं कारण हसण्यासारखं नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळी अतिरेक्यांनी ईमेल पाठवली ती नवी मुंबईतल्या कुणाच्या तरी उघड्या वायफायवरून. गायरानाला कुंपणं पडली ती तेव्हापासून. ओळखपत्राची झेरॉक्स, रजिस्टरात सही, मोबाइलवर आकडे. ती पडायलाच हवी होती, हेही कबूल. पण 'कुणीही चारा' म्हणणारा एक भाबडा काळ त्या दिवशी संपला.

कुंपणाच्या अलीकडे उभं राहणं म्हणजे काय, ते मी २०१२ मध्ये सावंतवाडीला पाहिलं. नात्यातलं लग्न. माझ्याबरोबर ताई आणि भाचा, आणि भाच्याच्या इंजिनियरिंगच्या पसंतीक्रमाचा अर्ज बदलायचा शेवटचा दिवस. मुदत संध्याकाळी पाचला संपणार. ताईने एकटीने वाढवलेला मुलगा. तिच्या शिवणाच्या मशीनवर त्याची दहावी-बारावी झालेली. पावसाने गावातला सायबर कॅफे वीज जाऊन बंद. आम्ही उतरलो होतो त्या लॉजवर इन्व्हर्टर होता, वायफाय होतं, पासवर्ड नव्हता. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "माका नाय म्हायत. मालकांका विचारा." मालक कुठे? आमच्याच लग्नात, दुसऱ्या पंगतीत.

मी पंगतीत वाकून कानात विचारलं. मालकांच्या तोंडात जिलबी. त्यांनी ती गिळली आणि खड्या आवाजात पासवर्ड सांगितला, तो त्यांच्या कुत्र्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. सगळ्या पंगतीने ऐकला. लॉजच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर लहरी येत होत्या, पाचवीवर नाही. तिथे नेटबुक मांडीवर घेऊन पोरगा बसला. कॉलेजं वरखाली झाली. पावणेपाच वाजले आणि तो पांढराफटक पडला.

"मामा, बटणच नाहीये!"

खरंच नव्हतं. त्या पडद्याची उंची इतकी बेताची, की 'अर्ज कायम करा' हे बटण खालच्या काठाच्या पलीकडे, पाताळात गेलेलं. खिडकी वर सरकेना. ताई पाचव्या पायरीवर उभी राहून पदर पिळत होती. तिने काही विचारलं नाही, आणि तेच मला जास्त ऐकू येत होतं. मग पोरानेच एफ-११ ची कळ दाबली. वरच्या सगळ्या पट्ट्या गडप झाल्या, पडदा दोन बोटं मोकळा झाला, आणि तळातून बटणाचा निम्मा भाग वर आला. निम्मं पुरतं. चार वाजून बावन्न मिनिटांनी पावती आली. अलोहाची पावती मला एवढी आवडते ती उगाच नाही.

त्या साली पोराला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, आणि त्या साली नेटबुकं संपली. २०१० च्या आयपॅडने त्यांना घरघर लावलीच होती. २०१२ च्या अखेरीला ती करणाऱ्यांनीही हात आखडले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला रेलटेल आणि गुगलचं फुकट वायफाय आलं. अडीच वर्षांच्या आत ते ४०० स्थानकांवर गेलं, आणि अनेक फलाटांवर गाडी न पकडणारी पोरं पुस्तकं घेऊन बसू लागली. एर्नाकुलमचा एक हमाल ओझी वाहता वाहता कानात धडे ऐकून सरकारी नोकरीची लेखी परीक्षा पास झाला, हे २०१८ ला पेपरात आलं होतं. २०२० मध्ये गुगलने अंग काढून घ्यायचं ठरवलं. रेलटेलने काम चालू ठेवलं आणि सहा हजारांवर स्थानकं जोडली. पण तोवर २०१६ च्या सप्टेंबरात जिओ येऊन डेटा शेंगदाण्यांच्या भावाने मिळू लागला होता. आता ज्याच्या खिशात फोन, तोच स्वतःचं वायफाय.

गेल्या एलएफसीवर निघालो तेव्हा समोरच्या बाकावरचे आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. पूर्वी असं बघणाऱ्याला पेपरचं मधलं पान हवं असे. शेवटी ते पुढे झुकले आणि म्हणाले, "जरा हॉटस्पॉट देता का? नातीचा निकाल आहे." मी चालू करून दिला. पासवर्ड मात्र कानात सांगितला.